इशारा थांबल्यावर

नोएमीने प्रोग्रॅममधली कॅल्शियमच्या झडपेची ओळ खोडली आणि तो पुन्हा चालवला. पडद्यावरची चेतापेशी इशारा येताच ठोके देऊ लागली. इशारा थांबताच गप्प.

"लागलं एकदाचं वळण," मागून प्रयोगशाळेचे ओलेगारियो सर म्हणाले. "काल तुझी पेशी अगदी माझ्या सासूसारखी होती. पाहुणे फाटकाबाहेर गेले तरी बोलणं चालूच!"

नोएमी हसली. मज्जारज्जूतून स्नायूंना हुकूम सोडणाऱ्या या पेशीला असंख्य फांद्या. कमरेच्या पट्ट्यावर बसणाऱ्या चिमुकल्या यंत्रात एवढा पसारा मावणार कसा? म्हणून तिने एक धड ठेवलं, एक फांदी ठेवली, बाकीचं मोडीत काढलं. इशाऱ्यानंतरही चालणारे ठोके म्हणजे आपल्याच हिशेबातली चूक, याबद्दल तिला शंका नव्हती; म्हणून ते चालू ठेवणारी झडपही तिने काढली. आज पेशीचं हे प्रारूप वाल्तेर काकांच्या पायाशी जुळलं, की स्नायूंना चालना देणारं ते यंत्र त्यांच्या कमरेला लागणार होतं.

वाल्तेर काका चाकाच्या खुर्चीतून आले, काखेत गरम पाण्याचा थर्मास, हातात माते नावाच्या कडवट चहाचा तुंबा. मोन्तेविदेओच्या बंदरात क्रेनवरून पडल्यापासून कमरेखाली त्यांचं काही चालत नव्हतं.

"लाव तुझा भुंगा, पोरी."

तिने पोटरीवर ठोके टिपणाऱ्या तारा चिकटवल्या आणि टाचेमागे गुणगुणणारा कंपक टेकवला. पाऊल ताणलं गेलं. पडद्यावर पायाचे आणि पेशीचे ठोके जोडीने धावू लागले. सर खूश. मग तिने कंपक उचलला. पेशी गप्प झाली. पाऊल मात्र थरथरतच राहिलं.

काकांनी लगबगीने गुडघा दाबून धरला.

"माफ कर हं. घरीसुद्धा हा पाय चारचौघांत असंच करतो मेला."

नोएमी पडद्याकडे बघत होती. एक रेघ सपाट, दुसरी अजून नाचतेय.

"काका, हात काढा."

"अगं, थांबवतो ना त्याला."

"नका थांबवू. मी पडद्यावर ते थांबवलं आणि तिथेच फसले."

सरांनी चष्मा काढला. "म्हणजे आज यंत्र नाही?"

"नाही, सर. झडप परत घालायची, सगळं नव्याने जुळवायचं. हिवाळा उजाडेल."

काकांचा चेहरा पडला. "माझ्या पायाने घोळ घातला म्हण की."

"घोळ माझा. तुमची पेशी एकदा चेतली की कुणी हाक न मारताही चालू राहते. त्रास होतो, खरंय. पण तिच्यात जोर आहे, काका. यंत्राने तो जमेला धरायला हवा."

काकांनी गुडघ्यावरचा हात काढला. पाऊल हळूहळू निवलं. मग ते धाप लागेपर्यंत वाकले आणि दुसऱ्या पायाचा मोजा त्यांनी स्वतःच ओढून काढला.

"आता याचं बघ," ते म्हणाले.