हात न लागलेली काच

वर्ष संपत आलं होतं. त्या सकाळी तिने लाकडी पेटीचं झाकण उघडलं, श्वास एका बाजूला सोडला आणि चिमट्याने काचेचा धागा अलगद बाहेर काढला. धाग्याच्या दोन्ही टोकांना लाखेने कागद चिकटवलेले होते. धरायचं ते कागदाला. मधल्या काचेला कुणाचाही हात लागलेला नव्हता, आणि सगळी भिस्त त्यावरच होती.

धागा तिच्या नवऱ्याने वितळलेल्या काचेतून ओढलेला. उन्हाळ्यात तो तापाचं निमित्त होऊन गेला. सगळ्यात बारीक असा हा एकच धागा मागे राहिला.

त्याचं गणित तिला तोंडपाठ होतं. आकडेमोड तीच तर करायची. काच तुटते ती डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगांमुळे. किती ताण दिला की भेग धावत सुटेल, ते भेगेच्या लांबीवर ठरतं. भेग चौपट लांब असेल तर निम्म्याच ताणात काच जाते. धागा जितका बारीक, तितकी भेग लहान आणि काच बळकट. आलेखावरचे सगळे बिंदू त्याने काढलेल्या रेषेवर नेमके बसले होते. टोकाचा तेवढा राहिला होता. तो बसला की निबंध त्याच्या नावाने छापला जाणार होता. दुसऱ्या एका शहरातले लोकही ह्याच गणिताच्या मागे होते, आणि प्रयोगशाळेच्या संचालकांची आता थांबायची तयारी नव्हती.

"वहिनी, अजून विचार करा," फुगेवाला म्हणाला. प्रयोगशाळेतली काचेची भांडी तो फुंकून करायचा, म्हणून त्याचं ते नाव पडलं होतं. "एकदा तुटला की संपलं. मी ओढून बघितला ना, पण माझा धागा म्हणजे सुतळी. दादांचा हातच वेगळा."

"ठेवून काय करू? कपाटात मांडू?"

"मी मांडला असता."

"तुमच्या कपाटात तुमच्या बायकोने लोणच्याच्या बरण्या मांडल्यात."

तो हसला, आणि मग उगीचच खिडकीकडे वळला.

तिने धागा आकड्याला टांगला, खाली पत्र्याची हलकी डबी अडकवली आणि नळीतून पाण्याचा एकेक थेंब सोडायला लागली. हिशोबाप्रमाणे डबी जवळजवळ भरायला हवी होती. तळ जेमतेम ओला झाला आणि धागा तुटला. आवाजसुद्धा झाला नाही.

नळी हातात धरून ती तशीच उभी राहिली. मग टेबलाशी बसली आणि गणित उलटं मांडलं. ताण दहावा हिस्सा, म्हणजे भेग शंभरपट. एवढी भेग आपली आपण येत नाही. कशाने तरी घासलं असणार. बोट लागलं तरी पुरतं.

"पेटी कुणी उघडली होती का?" तिने विचारलं.

"छे, कुणी नाही." फुगेवाला जरा घुटमळला. "तुमच्या सासूबाई आल्या होत्या मध्ये. दादांचा कोट न्यायला. त्यांच्यासाठी पाणी आणायला गेलो, तेवढाच मी बाहेर."

घरी सासूबाई तो कोट मांडीवर घेऊन अस्तराला टाके घालत होत्या. चष्म्यावरून त्यांनी पाहिलं.

"तोडलास?"

"हो."

"टिकला ना चांगला?"

तिने चपला काढून भिंतीशी नीट जुळवून ठेवल्या.

"तुला म्हणून सांगते," सासूबाई आवाज उतरवून म्हणाल्या, "त्या दिवशी मी त्यावरून बोट फिरवलं. एकदाच हं, अगदी हलकं. बाळाचं जावळ अस्संच होतं बघ. हाताला लागायचंसुद्धा नाही. रागावलीस?"

"नाही, आई."

"काही बिघडलं नाही ना गं माझ्यामुळे?"

त्यांच्या सुईतला दोरा सुटला होता. तिने सुई घेतली, उजेडाकडे धरली. दोरा ओवायला तिला बराच वेळ लागला.

"नाही. काही बिघडलं नाही."

दुसऱ्या दिवशी तिने संचालकांना सांगितलं, "धागा माझ्या हातून बिघडला. तो आकडा धरता येणार नाही."

"तुमच्या हातून? बाई, निदान तुमच्याकडून तरी..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

दारातून फुगेवाल्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तिने त्याच्याकडे पाहिलं. तो काचेची धूळ झटकत निघून गेला.

पुढच्या रविवारी संचालक घरी आले. भला माणूस. खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाले, "फार थोडक्यात गेलं हो, आई. धागा यांच्या हातून बिघडला. नाहीतर नाव झालं असतं तुमच्या मुलाचं."

सासूबाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"तू तर म्हणालीस, काही बिघडलं नाही."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

महिना संपायच्या आत सासूबाई लेकीकडे राहायला गेल्या. कोट घेऊन गेल्या.

वर्षभरातच त्या दुसऱ्या शहरातल्या लोकांचा निबंध छापून आला. रेषा तीच होती. विद्यार्थी आज तो नियम त्यांच्या नावाने शिकतात. संचालक पुढे मोठ्या जागेवर गेले. तिच्या बढतीची शिफारस त्यांनी केली नाही, पण कधी टाकूनही बोलले नाहीत. फुगेवाला छाती धरेपर्यंत काच फुंकत राहिला. तो विषय त्याने जन्मात काढला नाही. तिला पाहिलं की मात्र खुर्चीवरून उठून उभा राहायचा, अगदी म्हातारपणीसुद्धा.

सासूबाई आणखी बरीच वर्षं होत्या. ती दर सुट्टीत त्यांना भेटायला जायची. एखादी शेजारीण आलेली असली की त्या ओळख करून द्यायच्या.

"ही माझी सून. माझ्या बाळाचं शेवटचं काम हिच्या हातून गेलं."

मग तिच्याकडे न बघता म्हणायच्या, "बैस."

आणि ती बसायची.