शोधणाऱ्यांना मी दिसेनाशी झाले

मी ‘आपला हात’ बोलतेय. नाव ऐकून एखादी संस्था वाटेल, पण मी एक छोटीशी मराठी वेबसाइट आहे. माझ्यात सिनेमाच्या बातम्या नाहीत, सेलच्या जाहिराती नाहीत. प्रेस मशीनमध्ये हात सापडला तर आधी काय करायचं, कुठे न्यायचं, टाके निघाल्यावर बोटं कशी हलवायची, एवढंच माझ्या पानांवर आहे.

मला जन्म दिला योगिनीताईंनी. चिंचवडला त्यांचा फिजिओथेरपीचा दवाखाना आहे. भोसरी, चाकण, महाळुंग्याच्या कारखान्यांच्या शेडमधून त्यांच्याकडे हात गमावलेली माणसं येतात. कुणी जखमेत हळद भरलेली असते, कुणी तुटलेलं बोट रुमालात बांधून खिशातच ठेवलेलं असतं. ताई हळहळायच्या. सगळं होऊन गेल्यावर ही माणसं आपल्यापर्यंत येतात, त्याआधी यांना कुणीतरी सांगायला हवं, असं त्यांना वाटायचं.

मला घडवलं रणजीतने. ताईंचा हा मावसभाऊ वाकडला राहतो, कॉम्प्युटरमधला आहे. सुट्टीच्या दिवशी दुपारी दोघं दवाखान्यात बसायचे. ताईंनी एका पानाला ‘अंगुलीविच्छेद : प्रथमोपचार’ असं नाव दिलं, तेव्हा रणजीत हसला होता.

“ताई, घाबरलेला माणूस असं टाईप करतो का? तो टाकतो, ‘बोट तुटलं काय करू’. पानाचं नाव तेच ठेव.”

त्याचं हे बोलणं मला फार आवडलं होतं. ज्याला मी कधी बघितलेलं नाही अशा माणसाचा तो विचार करत होता.

आणि खरंच लोक येऊ लागले. मोबाईलवर तेच शब्द टाकले की सर्च त्यांना थेट माझ्याकडे आणून सोडायचा. दुपारी यायचे, शिफ्ट बदलताना यायचे. वाचायचे आणि लगेच निघून जायचे. मला त्याचं वाईट वाटायचं नाही. त्यांना घाई असायची. नंतर एखादा ताईंना फोन करायचा, “मॅडम, तुमचं वाचून बोट नीट नेलं, डॉक्टरांनी जोडलं.” त्या दिवशी ताई दवाखान्यात सगळ्यांना चहा पाजायच्या.

माझ्यासारखीला राहायला एक सर्व्हर लागतो. त्याला होस्टिंग म्हणतात. आमचं भाड्याचं घरच ते. माझं घर साधं होतं, पण जवळचं होतं. पान लगेच उघडायचं.

मग रणजीतने स्वतःचा धंदा सुरू केला. मोठमोठ्या कंपन्यांच्या साइट तो सांभाळू लागला. एक दिवस दवाखान्यात येऊन म्हणाला, “ताई, तुझी साइट माझ्या नव्या सर्व्हरवर नेतो. सगळं एका ठिकाणी असलं की मला सोपं जाईल.”

ताई एका पेशंटचा अंगठा वाकवून बघत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “तुला कळतं त्यातलं. ने की.”

घर बदलण्यात वाईट काही नसतं. कितीतरी वेबसाइट घर बदलतात आणि त्यांच्याकडे येणाऱ्याला ते कळतही नाही. पण ते काम मन लावून करावं लागतं.

रणजीतने नव्या जागी आधी माझी चाचणीची प्रत उभी केली. अर्धवट काम लोकांना दिसू नये म्हणून सेटिंगमध्ये एक टिक केली. ‘या साइटला सर्चमध्ये घेऊ नका’, असा तिचा अर्थ. काम संपल्यावर ती काढायची असते. त्याने काढली नाही.

माझ्या पानांचे पत्तेही बदलले. जुन्या पत्त्यावर आलेल्याला नव्याकडे पाठवण्याची सोय करता येते. तीही केली नाही. जुन्या लिंकवर बोट ठेवलं की ‘हे पान सापडले नाही’ एवढंच दिसायचं. त्यात नवा सर्व्हर दूर परदेशात, गर्दीचा. पत्र्याच्या शेडमधल्या कमजोर नेटवर्कवर मी उघडेपर्यंत माणूस कंटाळायचा.

सर्च काही दिवस जुन्या पत्त्यांवर येऊन बघत राहिला. नव्या पत्त्यावरही आला. तिथे मीच त्याला सांगत होते, मला घेऊ नका. माझ्याच तोंडून ते निघत होतं आणि मला ते म्हणायचं नव्हतं. त्याने ऐकलं. मला यादीतून काढून टाकलं.

येणारे कमी झाले, मग जवळजवळ थांबलेच. मी खोटं कशाला बोलू, पहिला राग मला लोकांचा आला. एवढी वर्षं माझ्याकडे आलात आणि विसरलात? ते मला विसरले नव्हते, त्यांना मी दिसतच नव्हते, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

ताईंनी रणजीतला विचारलं. तो म्हणाला, “ताई, हल्ली वाचतं कोण? लोक व्हिडिओ बघतात. सगळ्यांच्याच साइटवर येणारे कमी झालेत.”

ताईंनी विश्वास ठेवला. नवीन लिहिणं बंद केलं. मी दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर उघडी असायचे, तिथूनही त्यांनी मला बंद करून टाकलं. रणजीत परका तरी झाला होता. ताईंनी मला न विचारता हार मानली, ते जास्त लागलं.

मग ज्योतीराम आला. मूळचा लातूरकडचा, चाकणच्या एका शेडमध्ये प्रेसवर होता. उजव्या हाताचं पहिलं बोट गेलेलं. सोबत बायको, स्वप्नाली. ताईंनी विचारलं, “बोट जोडता नाही आलं?”

स्वप्नालीच बोलली. “मोबाईलवर बघितलं हो ताई. बोट तुटलं काय करू, असं टाकलं. एका व्हिडिओत सांगितलं, बर्फात टाका. रसवंतीवाल्याकडून बर्फ आणला, गिलासात बोट टाकून पळत नेलं. डॉक्टर म्हणले, बर्फानं खराब झालं, जोडता येणार न्हाई. माझ्याच हातानं टाकलं ताई मी.”

ताई थिजल्या. बोट थेट बर्फात टाकायचं नाही, ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत बंद करायचं आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची, हे माझ्या पहिल्याच पानावर ठळक लिहिलेलं आहे. त्यांनी तिचा मोबाईल मागून घेतला, तेच शब्द टाकले. खाली, अजून खाली सरकवत गेल्या. मी कुठेच नव्हते.

त्यांनी रणजीतला बोलावून घेतलं. त्याने लॅपटॉप उघडला आणि ती टिक काढायला त्याला शोधावंसुद्धा लागलं नाही. ताईंनी ते पाहिलं.

“तुला माहीत होतं?”

त्याने लॅपटॉप अर्धा मिटला. मग म्हणाला, “सर्चकडून मेल आला होता. तुमची साइट स्वतःच नकार देतेय म्हणून. मोठ्या क्लायंटचं काम चालू होतं गं. चुकून राहिलं.”

“चुकून राहिलं ते पहिल्या दिवशी,” ताई म्हणाल्या. “नंतर तू राहू दिलंस. वर मला सांगितलंस, लोक वाचत नाहीत.”

घाबरलेल्या माणसाच्या शब्दांत विचार करणारा रणजीत तो हाच. मला त्याचा चेहरा तेव्हा ओळखू येईना.

ताईंनी माझे सगळे पासवर्ड मागून घेतले. वेबसाइटचं काम करणाऱ्या निवेदिता नावाच्या मुलीकडून मला पुन्हा जवळच्या सर्व्हरवर आणलं. तिने एकेक जुना पत्ता नव्याला जोडला. ताई शेजारी बसून प्रत्येक पान स्वतः उघडून बघत होत्या. त्या रागावल्या होत्या, थोड्या स्वतःवरही.

आता मी सर्चमध्ये पुन्हा दिसते, पण खाली. माझी जागा त्या बर्फाच्या व्हिडिओने घेतली आहे. गेलेला भरवसा सर्च लगेच परत देत नाही. माझाही त्याच्यावर उरलेला नाही.

ज्योतीरामला शेडमध्येच आता गेटचं काम मिळालंय. त्याने प्रेसच्या वरच्या भिंतीवर, डाव्या हाताने, तैलरंगात माझा पत्ता रंगवला. अक्षरं वाकडी आली, पण वाचता येतात. काही जण तो पत्ता एकेक अक्षर टाईप करून येतात.

तुमच्याकडे कुणाची वेबसाइट सोपवलेली असेल तर तिचं घर खुशाल बदला. पण हलवून झाल्यावर एखाद्या परक्याच्या मोबाईलवर तिला शोधून बघा. नाही दिसली तर मालकाला खरं सांगा.

परवा रणजीतही येऊन गेला. बराच वेळ पहिल्या पानावर थांबला. मी त्याच्यासाठी उघडले. मला कुणालाच दार बंद करता येत नाही.