दोन मशिनी अन् एक सीट

खरं सांगतो, मले मशीन नव्हती पाहिजे. मले सीट पाहिजे होती.

चार वर्षं झाले, नवा रायपूरात खांद्याले ग्रास कटर लटकवून गवत कापून राहिलो. पट्टा खांद्यात रुतते, इंजिन पाठीमागं भणभण करते, अन् संध्याकाळी घरी चहाचा कप धरला तं अर्धा चहा बशीत. हात थांबतच नाही. आई आता कप अर्धाच भरते.  तेलीबांध्याहून सकाळी साहाले निघतो, तिकडचे रस्ते पाहतो, एवढे रुंद, मधात एवढं मोठं डिव्हायडर, त्यात पाम, अन् पामाखाली सारं गवत. पाणी पडलं का आठ दिवसांत घोट्याच्या वर. हे सारं एका माणसानं उभ्यानं कापायचं.

उदयभाऊचा ठेका आहे. दोन सेक्टरचे बगीचे, डिव्हायडर, अन् एका तलावाची पाळ. भाऊ अमरावतीकडचे, दिवसभर फोनवर हिंदी, माझ्याशी मराठी. सप्टेंबरात एक दिवस मले गाडीत बसवलं.

"आशय, तू ते मशिनीचे व्हिडिओ पाहत राहतो ना?"

"हव भाऊ."

"आपल्याले एक मशीन घ्यायची आहे. लॉन ट्रॅक्टर नाहीतं झिरो-टर्न. तू सारी साइट फिर, मोज, अन् मले एका कागदावर लिहून दे कोणती पाहिजे. तू लिहिशील ते आणू."

मी विचारलं, "चालवणार कोण?"

"स्टेअरिंगवाली आली तं नरहरी काका. दांडेवाली आली तं तू. काकाले ते दोन दांडे जमणार नाही या वयात."

झालं. तिथूनच माझी झोप गेली.

दोन्ही मशिनी मले फोनवर पाठ होत्या. लॉन ट्रॅक्टर म्हणजे लहान ट्रॅक्टरच. बोनेट, स्टेअरिंग, पोटाखाली पातं, मागं हुक, ट्रॉली लावा का काही लावा. झिरो-टर्नले स्टेअरिंगच नाही. सीटच्या दोन्ही बाजूले दोन दांडे. दोन्ही पुढं ढकलले का पुढं जाते, एक पुढं एक मागं केला का जागेवर भोवऱ्यासारखी फिरते. पामाच्या बुडाले घासून असा गोल मारते, का मागून कैची फिरवायचं कामच नाही. ट्रॅक्टरले त्याच झाडाभोवती कापाले तीनदा मागंपुढं करा लागते.

साइट फिरलो. दहातली आठ जागा सपाट. सपाटीवर झिरो-टर्नच, यात मले आजबी शंका नाही. राहिली पाळ.

पाळीचं असं आहे. झिरो-टर्नचे समोरचे चाकं लहान, मोकळे. ऑफिसच्या खुर्चीले राहतात तसे. ते गाडी धरत नाहीत, नुसते जिकडं ओढ तिकडं फिरतात. सारं काम मागच्या चाकांचं. ओल्या उतारावर मागचं एक चाक घसरलं का वळणंबी गेलं अन् थांबणंबी गेलं. कंपनीच्या माहिती-पुस्तकात साफ लिहिलं होतं, दहा डिग्रीच्या वर नेऊ नका. ट्रॅक्टरच्या पुस्तकात पंधरा, तेबी सरळ वरून खाली, आडवं नाही.

मी फळी ठेवली, तिच्यावर फोन ठेवला. फोनमधी उतार मोजायचं ॲप आहे. चौदा आले. वीस पावलं पुढं गेलो. तेरा. अजून पुढं, परत चौदा.

तिथंच बसून राहिलो. खाली रचलेल्या दगडांची पिचिंग, तिच्याखाली पाणी. मग मी उठलो अन् पाळीच्या टोकाले, जिथं पायऱ्या आहेत अन् उतार पसरट होतो, तिथं फळी ठेवली. नऊ.

कागदावर लिहिलं: तलावाची पाळ, उतार नऊ. शिफारस, झिरो-टर्न.

खोटं नव्हतं म्हणा. तिथं नऊच होते.

नरहरी काका हिंगणघाटकडचे. आमच्याकडं पाण्याचा टँकर चालवत होते, ट्रॅक्टरले जोडलेला. मागच्या वर्षी फवाऱ्याची पाइपलाइन आली, टँकर गेला. तवापासून काका कुंपणाचे झुडपं कैचीनं कापतात. ज्या माणसानं तीस वर्षं सीटवर बसून काम केलं, तो बगीच्यातल्या बायांच्या टोळीत, मीरा दीदीच्या हाताखाली, खाली बसून कैची चालवते.  पण रस्त्यानं कोणाचा ट्रॅक्टर गेला का कैची थांबत होती.

कागद दिल्याच्या दुसऱ्या दिवशी मले विचारलं, "काय लिहिलं मंग?"

"झिरो-टर्न."

"दोन दांडेवाली?"

"हव."

"हं," म्हणाले, अन् कैची चालू.

मले वाटलं, सुटलो. कुठचा सुटतो. दोन दिवसांनी डब्याच्या वेळेले पाहतो, तं काकानं क्यारीत बांबूचे दोन खुंट गाडले. मधात उलटी बादली. बादलीवर बसून दोन्ही खुंट धरून पुढं, मागं, एक पुढं, एक मागं. तोंडानं मोजून राहिले. बायांचं डबे खाणं बंद, साऱ्या पाहून राहिल्या.

मीरा दीदी छत्तीसगढीत म्हणाली, "का कका, पतंग उड़ावत हस का?"

"गाडी शिकून राहिलो बाई."

"गिरबे झन!" पडू नको म्हणते.

साऱ्या हसल्या. काकाबी हसले, पण हात थांबवले नाही. मी डबा बंद केला. भाजी तशीच. त्या आठवड्यात मी चारदा भाऊच्या ऑफिसच्या दारापर्यंत गेलो असन. एकदा तं आतबी गेलो. भाऊ फोनवर होते, हातानं विचारलं, काय? मी म्हटलं, "तार संपली कटरची." अन् नायलॉनची तार घेऊन बाहेर.

मशिनी ज्या दिवशी आल्या तो मंगळवार. डीलरचा माणूस, सचिन, भनपुरीहून छोट्या ट्रकवर दोन्ही घेऊन आला. ठरलं असं का, दोन्ही चालवून पाहा, एक ठेवा, एक परत. भाऊ म्हणाले, "कागद तं झालाच आहे, फक्त खात्री करून घेऊ." मले पेट्रोल आणाले पाठवलं.

आमच्याकडं एक रीत आहे. कोणी लिहून ठेवली नाही, पण आहे. नवीन मशीन आली का नारळ फोडतात, चाकाखाली लिंबं ठेवतात, अन् ते लिंबं जो चिरडते, मशीन त्याची. मंग कोणी म्हणत नाही का मले दे. टँकरच्या वेळी तसंच झालं, फांद्या बारीक करायच्या मशीनच्या वेळी तसंच झालं. भाऊबी मधात पडत नाहीत.

मी कॅन घेऊन परत आलो तं नरहरी काका इस्त्रीचा शर्ट घालून झिरो-टर्नवर बसले होते. इंजिनच्या झाकणावर कुंकू. नारळ फुटलेला. चारही चाकांखाली लिंबं.

भाऊ हसून राहिले होते. "अबे आशय, पाह! काका तं तयारीनं आले!"

मी कॅन हातातच धरून उभा.  माझी सीट, माझा कागद, माझं खोटं, अन् वर काका. पेट्रोल सचिननं माझ्या हातातून घेऊन टाकलं.

काकानं चालू केली. पहिल्यांदा असा झटका बसला का मान मागं गेली. लिंबं फुटले. मंग थोडी पुढं, थांबली, पुढं. पहिल्या पामापाशी गेले. आता आदळन, मले वाटलं. वाटलं काय, मले पाहिजेच होतं का आदळावं. नाही आदळले. एक दांडा पुढं, एक मागं, हळू हळू, पूर्ण गोल. बायांनी टाळ्या वाजवल्या. सचिन म्हणाला, "अंकलजी तो उस्ताद निकले."

"चला काका," भाऊ म्हणाले, "आता पाळीवर. नऊचा उतार आहे, आशयनं मोजला आहे."

सचिन म्हणाला, "नौ है तो कोई दिक्कत नहीं. आड़ा ही चला लीजिए, आराम से."

सकाळचे साडेआठ. फवारे आत्ताच बंद झालेले. गवत चिंब ओलं.

काकानं गाडी पाळीकडं वळवली अन् माझ्यापाशी येऊन थांबवली. इंजिनच्या आवाजात वाकून विचारलं, "तू मोजलं ना?"

अन् मी म्हटलं, "हव."

कसं निघालं तोंडातून, माहीत नाही. निघालं. काकानं मान हलवली अन् गेले. दहा पावलं, पंधरा पावलं. पाठ ताठ, दोन्ही कोपरं पोटाले लावलेले, बादलीवर बसत होते तसे.

मंग मी पळालो. हाका मारून राहिलो, ऐकू जाते कुठं. सरळ पुढं जाऊन उभा राहिलो, हात पसरून. "थांबवा काका! चौदा आहे! चौदा आहे!"

काकानं दोन्ही दांडे मागं खेचले. मागच्या चाकांनी गवत सोललं, काळी माती दिसाले लागली. समोरचं एक चाक पाळीच्या काठावरून खाली गेलं होतं अन् खालीच तोंड करून फिरलं. गाडी थांबली. मी समोरून धरून राहिलो, म्हणजे नुसते हात ठेवले, एवढं वजन मी काय धरतो. सचिन अन् भाऊ पळत आले. तिघांनी मिळून मागं ओढली.

भाऊनं इंजिन बंद केलं. "काय म्हटलं तू?"

"चौदा आहे भाऊ. मी टोकाले, पायऱ्यांपाशी मोजून नऊ लिहिलं."

"काहून?"

"मले सीट पाहिजे होती."

 सचिननं फोन काढला अन् त्यात पाहत राहिला. बाया दूर उभ्या होत्या, त्यांना ऐकू गेलं नसन, पण कळलं असन.

काका उतरले. मले वाटलं एक थापड मारतील. मारली असती तं बरं झालं असतं.

"आत्ता काहून सांगितलं? मी बसलो म्हणून?"

"काका, तुम्ही घसरले असते."

"मले जमलं असतं."

"नसतं जमलं. मलेबी नसतं जमलं."

"तू बसला असता, तं पाळीवर गेला असता का?"

मी विचार केला. खरंच विचार केला. "नाही. काहीतरी कारण सांगून टाळलं असतं. मले आकडा माहीत होता."

"अन् मले नव्हता," काका म्हणाले. "मी तुह्या कागदावर बसलो होतो."

हातानंच तोंड पुसलं. कुंकवाचा हात होता, गालाले लागलं. कोणी सांगितलं नाही.

भाऊनं ट्रॅक्टर ठेवला. त्याच्यावर नारळ नाही, काही नाही. काका बसले, चावी फिरवली अन् गेले, जसं काही कालच उतरले होते. पाळीवर सरळ वरून खाली, खालून वर. मागं कापलेल्या गवताची पट्टी. झिरो-टर्न सचिननं ट्रकवर चढवली. मी पट्टे बांधू लागलो त्याले. सीट ऊन लागून गरम झाली होती. एकदा हात ठेवून पाहिला, बस.

मले वाटलं, भाऊ कामावरून काढतील. ते माझ्यापाशी आले तं म्हणाले, "पूर्ण पाळ परत मोज. आत्ता. दर दहा पावलांवर. अन् फळी तू ठेव, आकडा काका वाचतील."

तसं केलं. मी फळी ठेवू, काका फोन लांब धरून, डोळे बारीक करून वाचत. तेरा. चौदा. चौदा. तेरा.  आकडा सांगितला का मी लिहू, लिहिला का काका कागदात वाकून पाहत, तोच लिहिला का नाही. दरवेळी पाहत. मी कागद त्यांच्याकडं करून धरू लागलो.

सांडव्यापाशी आलो. तिथं पाळ एकदम उभी होते.

"सतरा," काका म्हणाले. परत वाचलं. "सतरा."

"इथं ट्रॅक्टरबी नाही चालत. पंधराच्या वर नाही."

"मंग कोण कापन?"

कटरनं उभ्यानं कापायची जागा होती ती, अन् कटर एकाच माणसाच्या खांद्यावर असते. पस्तीस-चाळीस पावलांची जागा. दर आठ दिवसांनी.

"मी," म्हटलं.

 काका क्यारीपासून चुन्याची अर्धी गोणी घेऊन आले, माझ्यापुढं ठेवली. मी मुठीनं चुना सोडत गवतावर रेघ काढू लागलो, इथपर्यंत ट्रॅक्टर, इथून पुढं मी. काका वर उभे, कमरेवर हात.

"रेघ वर घे," म्हणाले. "तू काढून राहिला तिथं सोळा असन. मोजून पाह अन् मंगच काढ."

मी फळी ठेवली.