पाटी शाबूत, पोट रिकामं

मी एक जुना फिल्टर आहे. म्हणजे होतो. आता माझा नुसता लोखंडी डबा उरला आहे, वर नंबराची पाटी आणि आत वारा. मित्रांनो, असली कहाणी शांतपणे सांगायची असते म्हणे. मला ते जमणार नाही. पहारीने माझं पोट फोडलं आहे, आणि ज्यांनी फोडलं त्यांची नावं मी घेणार आहे.

आधी माझं काम सांगतो, नाहीतर तुम्हीही मला सायलेन्सरच समजाल. मोठ्या डिझेल ट्रकच्या धुरात काजळी असते. ती इतकी बारीक असते की माणसाच्या छातीत जाऊन बसते आणि बाहेर यायचं नाव घेत नाही. त्या धुराच्या वाटेत मी बसायचो. माझ्या पोटात भाजलेल्या मातीची हजारो बारीक नळकांडी होती, मधाच्या पोळ्यासारखी. धूर पलीकडे जायचा, काजळी माझ्याकडे राहायची. पोट भरत आलं की चालकासमोर एक पिवळा दिवा लागायचा. मग ट्रक पाऊण तास एका जागी उभा करायचा आणि इंजिन जोरात चालू ठेवायचं. मी आतून लालबुंद तापायचो आणि काजळीची चिमूटभर राख व्हायची. पाऊण तास. एवढंच मागणं होतं माझं.

कॅलिफोर्नियातल्या विल्मिंग्टनच्या बंदरावर कंटेनर ओढणारा एक निळा ट्रक आहे, त्याच्या पोटाखाली मी सहा वर्षं काढली. मालकीण तेन्चा बार्रागान. स्वतः ट्रक चालवायची, आणि दिवा लागला की मुकाट बाजूला घ्यायची. दर रविवारी ती कागदी रुमाल घेऊन धुराच्या नळीत आतून बोट फिरवायची. रुमाल पांढराच्या पांढरा निघायचा. मग तो शेजारपाजारच्या चालकांना दाखवत ओरडायची, “बघा रे! तुमच्या घरच्या पातेल्यापेक्षा स्वच्छ आहे. यात मक्याचे तामाले वाफवून खा!” मला त्या रविवारांचा फार अभिमान होता.

कॅलिफोर्नियात असल्या ट्रकची वर्षातून दोनदा धुराची तपासणी होते. पास झाला तर कागद मिळतो, कागद असेल तर बंदराचं फाटक उघडतं. मी असेपर्यंत तेन्चाला तपासणीची धास्ती कधी वाटली नाही.

मग तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ट्रक तिच्या धाकट्या भावाच्या, चुईच्या हाती आला. त्या दिव्याशेजारी एक बटण आहे. ते दाबलं की काजळी जाळणं थांबतं. ट्रक वाळक्या गवतात किंवा पेट्रोलजवळ उभा असेल तर आग लागू नये, म्हणून ते दिलेलं आहे. चुई ते फाटकाच्या रांगेत दाबायचा. दिवा लागला की म्हणायचा, “आत्ता नाही रे बाबा, नंबर जाईल माझा. जळ नंतर.” ते नंतर कधीच आलं नाही. आठ महिने मी दुसऱ्यांची घाण पोटात दाबून धरली. शेवटी एका बुधवारी पुलाच्या चढावर इंजिनाला श्वास घेता येईना, ट्रक मुंगीच्या पावलांनी चालू लागला आणि मागच्यांनी भोंग्यांनी कान किटवले.

“फिल्टरच भिकार आहे,” चुई बहिणीला म्हणाला. “राज्याने फुकटची धोंड बांधलीय आपल्या गळ्यात!”

तेन्चाने त्याच दिवशी ट्रक रुपेर्तोच्या गॅरेजात नेला. रुपेर्तो तिच्या लेकीचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता, म्हणून तिला कोमाद्रे म्हणतो. त्याने लॅपटॉप जोडला. पडद्यावर स्वच्छ लिहिलं होतं: जाळणं हाताने थांबवलं, दोनशे बारा वेळा. रुपेर्तोने ते वाचलं, चुईकडे पाहिलं. चुईने मान खाली घातली. दोघं दर शनिवारी एका टेबलावर बिअर पितात. रुपेर्तोने लॅपटॉप मिटला.

“कोमाद्रे, फिल्टर संपलाय.”

चोर सोडून संन्याशाला फाशी, ती ही अशी.

“साफ करून मिळेल ना?” तेन्चाने विचारलं.

“तिथे नऊ दिवसांची रांग आहे. तुझी तपासणी शनिवारी, आणि सोमवारी ते बदामाचं काम सुरू.”

बदाम परदेशी पाठवणाऱ्या एका व्यापाऱ्याने तिला तीन वर्षांचं बांधील काम दिलं होतं. सोमवारी सकाळी ट्रक फाटकावर नसेल तर ते दुसऱ्याला जाणार होतं.

“आतलं काढून टाकतो,” रुपेर्तो हळूच म्हणाला. “डबा तसाच बसवतो. इंजिन ठणठणीत आहे, धूर कुणाच्या डोळ्याला दिसणारसुद्धा नाही. तपासणारे पाटी बघतात, पोट नाही.”

तेन्चा वाकून माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही त्याच्या कानाखाली वाजवेल.

“कर,” ती म्हणाली.

मला खाली उतरवलं. पहार आत घातली, वर घण. माझी हजारो नळकांडी मडक्यासारखी फुटली आणि काळ्या भुकटीसकट पिंपात पडली. स्वतःच्या नाकावर मात्र रुपेर्तोने दुहेरी फडकं बांधलं होतं! माझ्या पोटातली काजळी किती वाईट, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दोन दिवस मी नुसता डबा होऊन बंदरावर फिरलो. मागच्या ट्रकमधली माणसं काच खाली करून जेवत होती, आणि धूर माझ्यातून सरळ त्यांच्या ताटात जात होता.

शनिवारी तपासणारा आला. आर्सेनिओ किझॉन, फिलिपिन्सचा साठीचा गृहस्थ. त्याने खाली वाकून पाटीवरचा नंबर कागदाशी ताडून पाहिला. “जुळतोय,” म्हणाला. मग यंत्राची नळी आमच्या धुराच्या नळीत घातली आणि चुईला तीनदा इंजिन ओरडवायला सांगितलं. धुराच्या काळेपणाचा आकडा पाचाच्या आत हवा. आला एकतीस. आर्सेनिओ पुन्हा वाकला आणि बाजारात मडकं वाजवून घेतात तसं त्याने मला बोटाने वाजवलं. मी ठणठणलो.

“काका, शेजारी राऊलचा ट्रक उभा आहे,” चुई घाईघाईने म्हणाला. “त्याचा फिल्टर शाबूत आहे. तुमची नळी त्यात घाला की. कागदाला काय कळतंय?”

आर्सेनिओने तेन्चाकडे पाहिलं. “मी कॉफी घेऊन येतो, सेन्योरा. दहा मिनिटं. आल्यावर नळी ज्या ट्रकात दिसेल, त्याचा आकडा लिहीन.” आणि खरंच गेला. त्यालाही मी सोडणार नाही. सज्जनपणा असा दहा मिनिटं बाजूला ठेवता येत नाही.

चुई यंत्राची नळी काढायला धावला. “थांब,” तेन्चा म्हणाली. तिने खिशातून कागदी रुमाल काढला आणि नळीत बोट फिरवलं. रुमाल काळाकुट्ट झाला.

“सहा वर्षं माझ्या हाताखाली हा कधी तुंबला नाही. तुझ्या हाती आठ महिन्यांत कसा तुंबला?”

“बटण दाबलं. रांगेत.”

“किती वेळा?”

“मोजलं नाही! पाऊण तास म्हणजे एक खेप, तेन्चा. तू पाय वर करून पडली होतीस, तेव्हा घर कुणी चालवलं?”

हेही खरं की चुई खोटं बोलत नव्हता. आर्सेनिओ कॉफी घेऊन परतला. नळी आमच्याच ट्रकात होती.

“एकतीस लिहा,” तेन्चा म्हणाली. “आणि डबा पोकळ आहे, तेही लिहा. माझ्या सांगण्यावरून झालंय.”

सोमवारी बदाम दुसऱ्याच ट्रकातून गेले. तीन वर्षांचं काम गेलं. दंड झाला. ट्रक पाच आठवडे अंगणात उभा राहिला, मग नवा फिल्टर बसला आणि मला कुंपणाशी टाकलं. त्या संध्याकाळी तेन्चा लंगडत आली, माझ्या पाटीवर हात ठेवून म्हणाली, “माफ कर रे, म्हाताऱ्या.”

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या वस्तूंनी अशा वेळी विरघळायचं असतं. मी विरघळलो नाही. शनिवारी ती खरं बोलली, मान्य आहे, आणि त्याची किंमतही तिने मोजली. पण बुधवारी तिने ‘कर’ म्हटलं होतं, आणि माझं पोट बुधवारी फुटलं. तुमच्याही घरात, कामावर कुणीतरी असेल, जो सगळ्यांची घाण मुकाट्याने स्वतःत अडवून धरतो. तो पाऊण तास मागेल तेव्हा तो त्याला द्या. नंतर माफी मागायला येऊ नका. माझ्यात आता काहीच अडत नाही. तेन्चाची माफीसुद्धा या तोंडातून आत आली आणि त्या तोंडातून निघून गेली.