झोपाळ्याजवळ राहिलेला निरोप

मी पळसदेवच्या बाबूलालच्या ओसरीवर टांगलेला एक जुना सागवानी झोपाळा आहे. मित्रांनो, वारा नसताना मी हलतो हे खरे आहे, पण भिऊ नका. मुद्दाम मी कुणाचे वाईट केलेले नाही.

पूर्वी मी एका दाराची फळी होतो. धरण झाले आणि ते घर पाण्याखाली गेले. तिथे काळोखात ऐकण्याशिवाय दुसरे कामच नव्हते. एका उन्हाळ्यात पाणी ओसरले, तेव्हा बाबूलालच्या वडिलांनी मला ओढून काढले आणि सुताराकडून तासून घेतले. बाबूलालच्या लग्नात माझ्या कड्यांना झेंडू बांधले होते.

काय सुखाचे दिवस होते ते! मासळीबाजारातून आला की बाबूलाल माझ्यावर बसे आणि त्याची बायको कमरजहाँ शेजारी टेके. दोघांच्या छातीतले ठोके मला लाकडातून कळत. थोड्या वेळाने ते एका तालात पडत. त्या काळात दोघांना साधी सर्दीही फार दिवस टिकली नाही.

मग मुलाच्या, अल्ताफच्या, लग्नाची बैठक बसली. पाहुण्यांनी विचारले, "आईचं काय म्हणणं हाय?" बाबूलाल हसून म्हणाला, "तिला काय इचारायचं?" पडद्याआड कमरजहाँ चहा गाळत होती. तिने चहा पाठवला आणि त्या दिवसापासून त्याच्यापुरते तोंडाला कुलूप लावले.

पण एका घरात राहायचे म्हणजे निरोप द्यावेच लागतात. ती मला सांगू लागली, "झोपाळ्या, सांग त्यांना, जेवाण वाढलंय." तो म्हणे, "झोपाळ्या, तिला म्हणावं, भूक न्हाय." सून मुबशिरा पदराआड हसायची. मलाही आधी गंमत वाटली. मानच होता तो!

पुढे गंमत आटली. दोघे वेगवेगळ्या वेळी येऊन बसत. त्याचे ठोके अडखळू लागले. तिला झोप येईना, साखर वाढली. तिच्या गोळ्या पिठाच्या डब्यामागे, त्याच्या बंडीच्या खिशात. एकमेकांचे आजार एकमेकांना ठाऊक नव्हते. अल्ताफ त्याला बारामतीला घेऊन गेला, तेव्हा डॉक्टरांनी विचारले, "घरात मोकळं बोलता का?" "व्हय की, रोज बोलतो," असे म्हणाल्याचे त्याने मलाच येऊन सांगितले. खोटे कुठे होते ते? बोलतच होता, पण माझ्याशी.

एका दुपारी तो लवकर घरी आला. माझ्यावर बसला आणि त्याने कडी घट्ट धरली. हात घामाने ओला होता. कमरजहाँ मागच्या अंगणात धुणे धूत होती. एक हाक मारली असती तर ती धावत आली असती. पण सवय वाईट. तो हळूच म्हणाला, "झोपाळ्या, तिला सांग, छातीत कळ येतीया. म्हणावं, जरा जवळ ये."

मित्रांनो, मला जीभ नाही. मी होते नव्हते ते बळ लावून हललो. कड्या किंचाळल्या. तिने ते ऐकले आणि मागूनच ओरडली, "झोपाळ्या, सांग त्यांना, ताट झाकून ठिवलंय. घ्या म्हणावं हातानं."

तो निरोप ऐकायला तो उरला नव्हता.

आता रोज संध्याकाळी कमरजहाँ माझ्या एका कडेला बसते. दुसरी कडा रिकामी असते, तरी त्या बाजूची कडी ताणलेली असते. ती विचारते, "झोपाळ्या, शेवटाला काय म्हणाले रं ते?" मी हलतो. ती कान देऊन ऐकते. मला फार वाईट वाटते. ते तीन शब्द माझ्या लाकडात अडकून पडले आहेत.

परवा अल्ताफ एमआयडीसीतल्या कामावरून आला. मुबशिराशी सकाळी काहीतरी बिनसले होते. ती समोरच लसूण सोलत होती. तो माझ्यावर बसला आणि म्हणाला, "झोपाळ्या, सांग हिला..."

कमरजहाँ आतून अशी आली, की मीच दचकलो. तिने दोन्ही हातांनी कड्या धरून मला थांबवले.

"त्याला न्हाय," ती म्हणाली. "तिला सांग. समोर हाय तवर सांग."

अल्ताफ उठून मुबशिराजवळ खाली बसला आणि तिला नावाने हाक मारली.

मित्रांनो, मला पुसू नका, तेल घालू नका, हवे तर अडगळीत टाका. फक्त आपल्या माणसाचा निरोप माझ्याजवळ ठेवू नका.