निळा पट्टा

आमच्या साहेबांना पृथ्वीची फार काळजी. इतकी, की बोलता बोलता डोळ्यांत पाणी येतं. पगारवाढीचं नाव काढलं, की तेच डोळे कोरडे ठणठणीत.

आमच्या शेडमध्ये दुकानांत न खपलेले कोरे कपडे येतात. गठ्ठे फोडायचे आणि प्रत्येक कपड्याच्या आतल्या अस्तरावर ब्रशने निळा पट्टा ओढायचा. पट्टा ओढला की तो भंगार झाला. मग टेबलावर घेऊन पाठीतून पात्याने चिरायचा, बटणं-चेन कापून काढायच्या आणि यंत्राच्या तोंडात द्यायचा. यंत्र तो पिंजून काढतं, त्याचा पुन्हा धागा होतो. पण आधी चिरायचा कशाला? तर कुणी फुकट घालू नये म्हणून! कोरा करकरीत कोट फाडायचा आणि वर त्याला पर्यावरण म्हणायचं. डोकं गहाण ठेवल्याशिवाय असलं सुचत नाही.

माझी धाकटी जाऊ माझ्या समोरच्याच टेबलावर होती. तिच्या लेकीला थंडीत घालायला धड काही नाही. परवा तिने पट्टा मारलेला एक छोटा कोट पिशवीत घातला आणि दारावरच सापडली. साहेबांनी आम्हा सगळ्यांना गोळा केलं आणि तिला मधोमध उभं केलं.

"नियम म्हणजे नियम. भंगारातली चिंधीसुद्धा बाहेर जाणार नाही," म्हणाले, आणि तिला कामावरून काढून घरी पाठवलं.

दीर काम सुटल्यापासून घरीच बसून आहेत. जावेच्या पगारावर त्यांची चूल पेटते. मी साहेबांच्या पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं. "बघू," म्हणाले. बघितलं काहीच नाही.

काल माल पाठवणाऱ्या कंपनीचे पाहुणे आले. साहेब झकास राखाडी कोट घालून पुढे पुढे करत होते. शेडमध्ये यंत्रांची ही धग! भाषण रंगात आलं तसा त्यांना घाम फुटला. कोट काढला आणि न बघताच मागे टाकला, तो नेमका माझ्या टेबलावर. अस्तर वर. अस्तरावर निळा पट्टा, माझ्याच हातचा, शेवटाला शेपूट काढलेला.

अगं बाई! आधी मला हसूच आलं. मग तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुम्ही इथे नेमकं काय करता, दाखवता का?" पाहुण्यांतल्या बाईंनी मला विचारलं.

"दाखवते की." मी कोट पसरला, पातं उचललं.

साहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं. कोट माझा आहे म्हणावं, तर पट्टा सगळ्यांसमोर. गप्प बसावं, तर कोट जातोय.

मी अगदी गोड आवाजात विचारलं, "साहेब, माझ्या जावेला उद्या कामावर बोलावू ना?"

"बोलवा, बोलवा! उद्याच बोलवा."

"कोण हो ती?" बाईंनी विचारलं.

"आमची फार चांगली कामगार," साहेब म्हणाले. "सुट्टीवर होती."

जीभ जरा तरी अडखळावी की नाही? छे! आता मिटलं असं समजून त्यांनी कोट घ्यायला हात पुढे केला.

"अहो थांबा साहेब, नियम म्हणजे नियम," मी म्हटलं, आणि कॉलरपासून खालपर्यंत टर्रकन चिरला.

हाही भाषणाचाच भाग समजून पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनाही वाजवाव्या लागल्या.