टिंबांची साक्ष

घड्याळजी नेमकं काय बोलला, हे कोर्टात कुणीच सांगितलं नाही. सांगायची सोयच नव्हती. देवाची निंदा करणं हा गुन्हा, आणि ती साक्षीत पुन्हा उच्चारणं हाही गुन्हाच. त्यामुळे साक्षीदार त्या वाक्यापाशी आला की मान खाली घालायचा आणि टायपिस्टबाई तिथे टिंबं द्यायच्या.

घड्याळजीचं म्हणणं साधं होतं. "साहेब, गिऱ्हाईक देवाबद्दल विचारत होतं तेव्हा मी ओठांत स्क्रू धरला होता. तोंड उघडलं असतं तर गिळला असता."

"तो स्क्रू हजर करा," न्यायाधीश म्हणाले.

"तो घड्याळात बसवला, साहेब. घड्याळ गिऱ्हाईक घेऊन गेलं."

कुणी हसलं नाही. त्याचा तरुण वकील मात्र घसा कोरडा पडेपर्यंत भांडला. देवाला पोलिसांचं संरक्षण कशाला लागतं? पणजोबांच्या काळातला कायदा आज कशाला हवा?

"पणजोबांच्या काळातलं बरंच काही अजून चालू आहे, वकीलसाहेब," न्यायाधीश म्हणाले. "हे कोर्टसुद्धा."

टायपिस्टबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजवर त्यांनी खून, मारामाऱ्या, भाऊबंदकी असं काय काय टाइप केलं होतं आणि घरी जाऊन दोन घास सुखाने खाल्ले होते. हा माणूस मात्र हकनाक दहा वर्षं आत जाणार होता, आणि तेही चार टिंबांपायी.

साक्षीदाराचा जबाब आरोपीला वाचून दाखवायचा नियम होता. एरवी बाई टिंबांवरून उडी मारून एका दमात वाचून मोकळ्या व्हायच्या. आज त्यांनी ठरवलं, टिंबांपाशी चांगलं थांबायचं. तिथे काहीच नाही, हे एकदा सगळ्यांच्या कानांवर पडू दे.

"आरोपी माझ्याकडे बघून म्हणाला की," त्यांनी वाचलं आणि ओठ मिटून घेतले.

पंखा तेवढा घरघरत होता. पुढच्या बाकावरच्या म्हातारीने डोळे गच्च मिटले. साक्षीदार पांढराफटक पडला. दारातल्या शिपायाने कानांत बोटं घातली. लोकांना लाज वाटतेय, असं समजून बाई पुढच्या टिंबांपाशी आणखी जास्त थांबल्या.

"बस करा हो," मागून कुणीतरी कळवळून म्हणालं.

न्यायाधीश खुर्चीतून अर्धवट उठले. "बाई, भर कोर्टात तुम्ही हे बोललात?"

"मी काहीच बोलले नाही, साहेब."

"मी माझ्या कानांनी ऐकलं."

बाईंनी वकिलाकडे पाहिलं. तो बूट न्याहाळत बसला होता. "निदान आवाज तरी खाली ठेवायचा, बाई," तो पुटपुटला.

बाईंना पिंजऱ्यात नेलं तेव्हा घड्याळजीने सरकून जागा करून दिली. बाईंच्या खुर्चीवर दुसरी मुलगी येऊन बसली. न्यायाधीशांनी सांगितलं तसं तिने खाली मान घालून टाइप केलं आणि नियमाप्रमाणे वाचून दाखवलं.

"टायपिस्टबाई भर कोर्टात म्हणाल्या की," ती वाचता वाचता थांबली.

कुणाचेही ओठ हलले नाहीत. तरीही बाईंना स्वतःचाच आवाज स्वच्छ ऐकू आला. वाक्य खरोखरच भयंकर होतं.